सात आणि आठच्या मधला डाग

मित्रांनो, फळ्याशेजारी खिळ्याला टांगलेली जुनी लाकडी पट्टी म्हणजे मी. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, कोण जाणे.

सुताराने मला फळ्यावर सरळ रेघा मारण्यासाठी घडवलं. कड झिजू नये म्हणून पितळ ठोकलं. पण मोठे सर आले आणि रेघा राहिल्या बाजूला. उत्तर चुकलं की दोन फटके, प्रश्न विचारला की चार. हात पुढे करायचा, डोळे मिटायचे. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, पण असं का?" चौथ्या फटक्याला माझ्या पितळेने तिची बोटं फाडली. रक्त माझ्या सात आणि आठ आकड्यांच्या मधे मुरलं. त्यानंतर ती वर्गात बोललीच नाही.

सर निवृत्त झाले, बाई आल्या. त्यांनी चर्चेला विषय दिला, मुलांना मारावं का? चर्चा कशी करतात हे कुणाला ठाऊक होतं! कंपासपेट्या उडाल्या. एकाने दुसऱ्याच्या दंडाचा चावा घेतला. बाईंनी मला उचललं. "पट्टी ज्याच्या हातात, तोच बोलेल."

इथेच त्या चुकल्या. मॉनिटरने मला हिसकावलं आणि 'मारू नये' म्हणणाऱ्या मुलाच्या डोक्यात घातलं. "माझ्या हातात आहे ना? मग गप बस." त्या मुलाला तीन टाके पडले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पकडीने माझं पितळ उपसून काढलं आणि नियमात भर घातली. आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं. तो 'हो' म्हणाला की मग आपलं.

मॉनिटर म्हणाला, "मारल्याशिवाय डोक्यात शिरत नाही."

बाईंनी मला मागच्या बाकाकडे नेलं. त्या मुलीने तळहात पुढे केला आणि डोळे मिटले.



"मारत नाहीयेत गं," मॉनिटर पुटपुटला. "बोलायला दिलीय. धर."

तिने वाकड्या बोटांनी मला धरलं. "तू म्हणतोस, मारल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. बरोबर?"

"हो."

"मग त्या दिवशी माझ्या डोक्यात काय शिरलं, ते सांग."

मी मॉनिटरच्या हातात आले. त्याचा अंगठा नेमका डागावर पडला.

"तू विचारतेस, तुझ्या डोक्यात काय शिरलं."

"हो."

"गप बसायचं," तो म्हणाला. "एवढंच शिरलं असेल." मग टाके पडलेल्या मुलाकडे जाऊन त्याने मला दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं.

मित्रांनो, तुमच्याही वर्गात कुणीतरी असं डोळे मिटून बसलेलं असेल. त्याचं आधी ऐका. मी लाकूड आहे. कुणाच्या हातात कशासाठी जायचं, हे मला ठरवता येत नाही. तुम्हाला येतं.