गंगीच्या नावाचा फोन

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं साळसूदपणा करायला मला जागा उरणार नाही. तो फोन मीच घेतला होता. "गंगी जैतू मेंगाळ बोलताय का?" असं विमा कंपनीच्या पोरीनं विचारलं, आणि शहापूरच्या माझ्या ऑफिसात पंख्याखाली बसून, एका हातात अर्धा वडापाव धरून मी म्हणाले, "होय, मीच गंगी."

तेव्हा मला काहीही वाटलं नाही, हेच सगळ्यात वाईट. फोन ठेवला आणि उरलेला वडापाव खाल्ला.

आमच्या धंद्यात हे चालतं. विम्याचा फॉर्म गेला की चार दिवसांनी कंपनीकडून पडताळणीचा फोन येतो. नाव, वय, नॉमिनी कोण, काही आजार आहे का, सगळं माणसाच्या तोंडून ऐकून घेतात आणि रेकॉर्ड करतात. आता सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्यांवर रेंज कुठली? ज्याच्याकडं मोबाइल आहे तो टेपाडावर चढतो, हात वर करतो, आणि तरी 'हॅलो हॅलो'च्या पुढं गाडी जात नाही. तीनदा फोन लागला नाही की कंपनी फॉर्म परत पाठवते. म्हणून वाडीवरच्या सगळ्या फॉर्मांवर मी माझाच नंबर टाकायची. बाईचा फॉर्म असला की फोनवर मीच ती बाई. पुरुषाचा असला की नवऱ्याला पुढं करायची. आमचे हे भातसानगरला धरणावर कामाला, दुपारी जेवायला घरी असतात, ते 'हो हो' म्हणून मोकळे व्हायचे. आम्ही दोघं मिळून किती जणं झालोय ते देवाला ठाऊक.

पण गंगीचं वेगळं होतं. गंगीनं मला सांगितलं होतं.

मी तिच्या दारात बसले होते, ती अंगणात हिरडे वाळत घालत होती. मी मांडीवर फॉर्म ठेवून भराभर पेन चालवत होते. ती जवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाय, त्यात लिवा, मला छातीचा टीबी झालता. सरकारी दवाखान्यातनं सा महिने गोळ्या खाल्ल्यात. आता बरी हाय, पन लिवा."

मी म्हटलं, "अगं, बरी झालीस ना? मग उगाच हातानं पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस?"

"तसा नको. इचारलाय त सांगाला पायजे."

आता खरं काय ते ऐका. 'होय' लिहिलं असतं तर कंपनीनं तिला तपासणीला कल्याणला बोलावलं असतं. एक्स-रे, रिपोर्ट, महिना गेला असता. मार्च संपायला आठ दिवस होते आणि माझ्या तीन पॉलिशी कमी पडत होत्या. त्या भरल्या की मुरबाडला दुसरं ऑफिस टाकायला कंपनीचा हातभार मिळणार होता. मी आजाराच्या रकान्यात 'नाही' लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. अंगठा उठवताना तिनं विचारलं, "लिवलंत ना?"

"लिवलं गो," मी म्हणाले.

झालं. मुरबाडचं ऑफिस थाटात उघडलं. काचेचं दार, बाहेर माझ्या नावाचा बोर्ड, 'दिपाली विमा सेवा', आणि कामाला तीन पोरी. त्यातली कुणाली म्हणजे कामाला वाघ. एक सांगा, चार करते आणि पाचवं विचारते. चार कंपन्यांची कामं एका टेबलावर यायला लागली. गाव मला मॅडम म्हणायला लागलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं.

धंदा वाढला तशी भीतीही वाढली. कल्याणला एका हॉटेलात आमच्यासाठी शिबिर ठेवलं होतं: एजन्सी वाढवताना स्वतःवरची जोखीम कशी कमी करायची. टाय लावलेल्या मास्तरनं दिवसभर घाबरवलं. ग्राहक उद्या कोर्टात जाईल, म्हणेल मॅडमनी मला सांगितलंच नव्हतं, मग काय कराल? म्हणून फॉर्म ग्राहकासमोर वाचून दाखवा. नंबर त्याचाच टाका. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून सही घ्या. दावा नाकारला गेला तर फाइलीतला प्रत्येक कागद आणि फोनचं रेकॉर्डिंग कंपनीकडून मागवून घ्या. आणि स्वतःच्या चुकांसाठी स्वतःचाही विमा काढा. मी तो लगेच काढला. त्याच्या पुरवणीत दोन अटी होत्या. एक, आम्हाला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही. दोन, चूक भरून देऊ, लबाडी भरून देणार नाही.

दुसरी अट वाचताना गंगी आठवली. नाही आठवली असं म्हणणार नाही. पण बरी आहे ती, धडधाकट आहे, तीन वर्षं निघाली की कंपनीला जुन्या फॉर्मवर बोट ठेवता येत नाही, असं मनाशी म्हणून पान उलटलं.

मुरबाडला येऊन मी शिबिरातले तेच नियम छापून भिंतीला लावले. पोरींना समोर उभं करून भाषणं ठोकली. "आजार लपवलात तर गाठ माझ्याशी आहे," असं मी, मी बोलले! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

गंगी गेली ती विमा काढल्यावर दोन वर्षं आठ महिन्यांनी. पुन्हा छातीच. खोकल्यातून रक्त आलं, मुरबाडला नेईपर्यंत वाटेतच गेली. चार महिने आणखी जगली असती तर मी सुटले असते. हा हिशोब तिच्या दहाव्याला वाडीत पाटावर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात आला. माझी मलाच किळस आली, पण आला.

कंपनीनं दवाखान्यातले जुने कागद काढले आणि दावा फेटाळला. पत्रात लिहिलं होतं, विमाधारक महिलेनं पूर्वीचा आजार हेतुपुरस्सर लपवला.

ते पत्र घेऊन गंगीचा नवरा जैतू आणि मुलगी काजल माझ्याकडं आली. काजल एकोणीस वर्षांची, कल्याणला नर्सिंग करते. वाडीतली पहिलीच. विम्याचे पाच लाख आले तर तिचं शिक्षण पुरं होणार, नाहीतर पुढच्या महिन्यात कॉलेज सोडून घरी. तिनं पत्र टेबलावर ठेवलं आणि 'हेतुपुरस्सर' या शब्दावर बोट टेकवलं.

"मॅडम, आय खोटं बोलायची नाय. दवाखान्यात मीच तिच्यासंगती जायची. कोनी इचारलं तर ती पयलं तेच सांगायची."

 जैतू एवढंच म्हणाला, "वाडीत सगळी बोलतात, पैशासाटी गंगीनं लबाडी केली. बाजारातबी बोलतात."

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडात आलंही होतं. पण समोर काचेचं दार दिसलं, पोरी दिसल्या, बोर्ड दिसला. मी म्हणाले, "मी कंपनीशी बोलते हां. बघू काय होतंय."

पंधरा दिवस मी काही केलं नाही. रोज गाडीनं शहापूरहून मुरबाडला जायची, संध्याकाळी परत यायची. जेवण जाईना. ह्यांनी विचारलं तर पित्त झालंय म्हणाले. काजलचा फोन आला की कुणालीला हातानंच खुणावायची, मी नाही म्हणून सांग. मनात स्वतःची समजूत घालायची: तीन पोरींचे संसार या ऑफिसावर आहेत, माझं लायसन गेलं तर त्यांचं काय. किती कळवळा! तीन पोरींच्या पदराआड मी लपत होते.

मी काही केलं नाही, पण कुणालीनं केलं. भिंतीवरचा नियम वाचून. दावा नाकारला म्हणून तिनं कंपनीकडं गंगीचा फॉर्म आणि फोनचं रेकॉर्डिंग मागितलं, आणि मला खूश करायचं म्हणून काजल आणि जैतूला परस्पर बोलावूनही घेतलं. मी दार ढकलून आत आले तर दोघं बाकावर बसलेली, आणि कुणाली कॉम्प्युटरपाशी हसतमुख.

"मॅडम, रेकॉर्डिंग आलं. आता कळेलच त्या बाईंनी आजार सांगितला होता की नाय."

 खुर्ची धरून बसले.

काजल उठून टेबलापाशी आली. "आयचा आवाज हाय त्यात? खराच?" तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "मॅडम, आमच्याकडं आयचा आवाजच नाय. साधा डबडा फोन होता, त्यात कायच भरून ठेवलं नाय. फोटो हाय एक आधार कार्डाचा. बाबा, पुढं या ना, आय बोलनार हाय."

जैतू आला. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून कुणालीनं स्पीकर त्याच्या बाजूला फिरवला.

मी म्हणाले, "आज नको. तो स्पीकर खरखरतो."

"कालच तर नवीन आणलाय, मॅडम," कुणाली म्हणाली आणि बटण दाबलं.

"गंगी जैतू मेंगाळ बोलताय का?"

"होय, मीच गंगी."

"तुम्हाला पूर्वी टीबी, दमा, शुगर, असा काही आजार झाला होता का?"

"नाही हो. कधी डोकंसुद्धा दुखत नाही." आणि वर एक हसणं. ते हसणं मी विसरून गेले होते.

कुणालीचा हात तसाच माउसवर राहिला. ती माझ्याकडं बघत नव्हती, भिंतीवरच्या नियमांकडं बघत होती. काजलच्या तोंडावरचं सगळं हळूहळू उतरत गेलं. पण जैतू तसाच, कान स्पीकरला लावून वाकलेला. नॉमिनीचं नाव झालं, पत्ता झाला, 'धन्यवाद' झालं, फोन कट झाल्याचा आवाज आला. तो सरळ झाला. मग पोरीकडं वळून म्हणाला,

"काजल, ही त दोगी दुसऱ्याच बायका बोलत्यात. गंगी कवा बोलनार?"

 उत्तर द्यायचं होतं ते मीच.

"जैतूदादा, ती मी आहे," मी म्हणाले. त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलावं लागलं, बाहेर रस्त्यावरही गेलं असेल. "गंगीनं मला आजार सांगितला होता. लिवा म्हणाली होती. दोनदा म्हणाली. मी लिहिलं नाही, आणि तिला लिहिलं म्हणून सांगितलं. फोनवरही मीच बोलले. तिनं काही लपवलं नाही. लपवलं ते मी."

रडू येत होतं, पण लाज वाटली. माझं रडणं पुसायची पाळी त्या दोघांवर कशाला आणायची?

मी कोरा कागद ओढला आणि कंपनीच्या नावानं हेच सगळं माझ्या अक्षरात लिहिलं. फॉर्म मी भरला, फोन मी घेतला, मेंगाळ बाईंचा दोष नाही, दावा मंजूर करावा. खाली सही केली, लायसनचा नंबर टाकला.  कंपनी मला काढणार, बाकीच्या तीन कंपन्याही काढणार, आणि माझा तो स्वतःचा विमा एक पैसाही देणार नाही, हे मला ठाऊक होतं. काजलचे पैसे मिळतीलच असंही नव्हतं, तरी आता निदान मागता तरी येणार होते. कुणालीनं कागद स्कॅन केला आणि पाठवला.

जैतू परत बाकावर बसला होता. तो मला शिव्या देईल, निदान एक तरी देईल, अशी मी वाट बघत होते. त्यानं टोपी डोक्यावर ठेवली आणि बाहेर बघत राहिला.

काजल म्हणाली, "ह्याची एक झेरॉक्स द्या. वाडीत वाचून दाखवायचीय. सगळ्यांना बोलवून."

मी घाईघाईनं म्हणाले, "मीच येते ना काजल. मीच सगळ्यांसमोर वाचते. माझ्या तोंडून ऐकलं तर लोकांना पटेल."

तिनं झेरॉक्सची घडी घातली, पिशवीत ठेवली, बापाच्या दंडाला धरून त्याला उठवलं. दारापाशी गेल्यावर माझ्याकडं वळली.

"नको," ती म्हणाली. "आयच्या वतीनं तुमी एकदा बोललात. आता मी बोलंन."