दबक्या आणि रिकामे गवत

मित्रांनो, मी एक जुना शिकारी कुत्रा आहे. पाहुणे आले की उठून शेपूट हलवायची रीत आहे, पण माझे गुडघे आता ऐकत नाहीत. तेव्हा पडल्या पडल्याच सांगतो.

माझी जात सेटर. केस लांब, कान लोंबते आणि काम एकच, बसायचे. फार पूर्वी, बंदुका नव्हत्या तेव्हा, शिकारी जाळे घेऊन माळावर जात. आमचे पूर्वज वासावरून पक्षी हुडकत. तो सापडला की भुंकायचे नाही, झडप घालायची नाही. पोट जमिनीला टेकवून गप्प दबकायचे. मग शिकारी मागून जाळे फेकी. ते पक्ष्यांवर पडे आणि कुत्र्यावरही. जाळ्याखाली जो हलला नाही, त्याचीच पिल्ले लोकांनी वाढवली. पुढे बंदुका आल्या, जाळी गेली, पण आमच्या हाडांतले बसणे काही गेले नाही. लहानपणी वाळत घातलेली चादर माझ्यावर पडली, तर मी तिच्याखाली तासभर तसाच होतो. सगळे घर हसले आणि माझे नाव पडले दबक्या.

माझा मालक कुलुपे दुरुस्त करतो. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघे माळावर जायचो. नऊ वर्षे मी जिथे बसलो, तिथून पक्षी उडाला. "माझी किल्ली चुकेल, पण दबक्याचं नाक नाही चुकायचं," असे तो चारचौघांत सांगे. ते ऐकले की माझा शीण निम्मा व्हायचा.

गेला हंगाम संपता संपता मालकाने शेजारच्या औषधवाल्याला माझी करामत दाखवायला आणले. माझी कंबर धरली होती. तरी वास लागला आणि मी बसलो. मालकाने पुढे होऊन पाय आपटला. काहीच उडाले नाही. पुन्हा आपटला. मी तसाच.

औषधवाला पोट धरून हसला. "अहो, हा डुलकी काढतोय! म्हातारचळ लागलाय याला."

मालकाचा चेहरा पडला. त्याने माझ्या कमरेत लाथ घातली. नऊ वर्षांतली पहिली.

त्याच संध्याकाळी मालकाच्या ओळखीचा, एका गोदामाचा रखवालदार मला न्यायला आला. मालकीणबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "अहो, या वयात कुठे धाडताय त्याला?"

"तिथं नुसतं बसायचंय," मालक म्हणाला. "तेवढंच येतं ना त्याला?"

गोदामात सिमेंटची फरशी होती आणि हातभर साखळी. रखवालदार वाईट नव्हता, वेळेवर खायला घालायचा. पण खाण्यावरची वासनाच उडाली होती. फाटकाकडे तोंड करून मी पडून राहायचो. नाक चुकले कसे, हेच मला समजेना.

दहाव्या दिवशी फाटकातून ओळखीचा वास आला. मालक माझ्याजवळ उकिडवा बसला. मागे मालकीणबाई.

"दबक्या, तिथं तितराची मादी होती रे," तो म्हणाला. "अंड्यांवर बसलेली. म्हणून उडाली नाही. माझं किल्ल्यांचं जुडगं तिथंच पडलं होतं, ते शोधायला गेलो, तर हाताखालून भुर्रकन गेली. त्या दिवशी आपटलेला माझा बूट अंड्यांपासून वीतभरच लांब पडला होता."

"आणि हे कळून आठ दिवस झाले, तेही सांगा त्याला," मालकीणबाई म्हणाल्या. "त्याच्या नाकाच्या जिवावर मिशांना पीळ देत होतात ना? मग इथवर यायला कसली लाज?"

मालक साखळी सोडून म्हणाला, "चल, घरी जाऊ."

मी उठायला गेलो. मागचे पाय उठलेच नाहीत. गारठ्याने मी थरथरत होतो. मालकाने अंगातला कोट काढून माझ्यावर टाकला. मला खूप आनंद झाला होता, मित्रांनो, शेपूट आपटावीशी वाटत होती. पण अंगावर काही पडले की हलायचे नाही. मी थरथरसुद्धा आवरून धरली.

ते पाहून मालक तोंड लपवून रडला. मग कोटासकट उचलून त्याने मला घरी आणले.

आता मी दुकानाच्या उंबऱ्याशी असतो. माळ संपला. तुम्हाला एवढेच सांगायचे आहे, की म्हातारे माणूस असो वा कुत्रे, एखाद्या जागी अडून बसले, तर पाय उचलण्याआधी गवत बाजूला करून बघा. मालक रोज माझी कंबर चोळतो. ती अजून दुखते. त्याचा हात पडला की मी हलत नाही.