कोपऱ्यातलं नाव

जुन्या जपानी ठशांच्या चित्रांत वाटसरू कुठल्या गावाशी आलेत, ते वरच्या कोपऱ्यातल्या लाल चौकटीत लिहिलेलं असतं. दीनानाथांनीही तसंच केलं. पावसात पूल ओलांडणारी, पाठीवर बोचकं घेतलेली बाई लाकडात कोरली आणि चौकटीत नाव घातलं: चॉर्लटन. नवऱ्याचा मार चुकवून पळालेली त्यांची लेक कस्तुरी मँचेस्टरच्या त्या भागात लपून राहत होती. चित्र तिच्या वाढदिवसासाठी होतं.

कॉव्हेंट्रीतल्या त्यांच्या किचनचं दार जावयाने, परीक्षितने, लाथेने उघडलं, तेव्हा त्यांना आपला मूर्खपणा कळला. छापलेला कागद डोक्यावरच्या दोरीवर वाळत होता.

"बाबा, कुठंय ती?"

"माहीत नाही."

"आयुष्यभर लायब्ररीत लोकांना गप्प केलंत. आता तरी बोला!"

त्याने टेबलावरची कोरलेली फळी उचलली. छापण्यासाठी उलटी कोरलेली अक्षरं त्याला नक्षीच वाटली. फळी भिरकावून त्याने सासऱ्याचा डावा हात टेबलावर दाबला आणि त्यावर लाकडी हातोडा घातला. बोटं काटक्यांसारखी मोडली. दीनानाथ किंचाळले. वर बघायचं नाही. दुसरा घाव. जीभ चावली जाऊन तोंड रक्ताने भरलं. वर बघायचं नाही.

तिसऱ्या घावाला ते खुर्चीसकट उताणे कोसळले आणि डोळे दोरीकडे गेलेच.

परीक्षितनेही वर पाहिलं. "चॉर्लटन," त्याने सावकाश वाचलं. "वा! पत्ताच वाळत घातलाय की. थँक्स हं, बाबा." हातोडा टाकून तो दाराकडे वळला.

दीनानाथांनी जन्मात कुणावर हात उगारला नव्हता. आपल्याला जमेल का, हा विचार पुरा व्हायच्या आत त्यांनी जमिनीवर पडलेली कोरायची पटाशी त्याच्या गुडघ्यामागे मुठीपर्यंत खुपसली होती. तो पालथा पडला, तरी दाराकडे सरपटत राहिला. मग त्यांनी हातोडा घेतला आणि दुसरा गुडघा फोडला. हाडाचा आवाज त्यांनाही ऐकवला नाही.

"म्हातारड्या, जीव घेतोस का माझा?"

"नाही रे," ते धापा टाकत म्हणाले. "फक्त चालू देणार नाही."

त्यांनी त्याचा फोन सिंकमधल्या पाण्यात टाकला. स्वतःच्या फोनवरून पोलीस आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. मी मारलंय, हेही सांगितलं. मग कस्तुरीला लावला.

"बाळ, आत्ताच्या आत्ता घर सोड. माझीच चूक झाली."

"बाबा, पण जाऊ कुठे?"

"ते मला सांगू नकोस."