पायरीवरचे क्षार

धाकटीने सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ती तलावाच्या पहिल्या पायरीवर उतरली. डोळे मिटून तिने उजव्या पायाचा तळवा पायरीच्या कडेवरून सावकाश सरकवत नेला, मग डावा.

काठावर खुर्चीत बसलेली थोरली जाऊ वैतागली.

"अगं, पायरीची मनधरणी करतेस की काय? आटप."

"झालंच, ताई."

झालं नव्हतं. धाकटी खालच्या पायरीकडे वळली.

दोघी जावांचा जन्म एकाच घरात गेला. नवरे गेले, मुलं पांगली, परसातला पोहण्याचा तलाव तेवढा मागे राहिला. थोरलीला मधुमेह. डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितल्यापासून रोज सकाळी ती कठडा धरून फेऱ्या मारायची आणि दिवसभर त्याच तोऱ्यात असायची.

पण बोअरचं पाणी जड. उन्हाने पाणी उडून जाई, क्षार मागे राहत आणि किटलीच्या बुडाशी धरतो तसा पांढरा थर पायऱ्यांच्या कडांवर धरे. वाळला की कानशीसारखा खरखरीत. एकदा थोरली पाण्यातून बाहेर आली ती फरशीवर रक्ताची पावलं उमटवत. टाच फाटली होती, आणि ती मात्र जाईला कळ्या किती आल्यात ते सांगत होती.

"ताई, पाय!"

थोरलीने खाली पाहिलं. क्षणभर तिचा चेहरा कोरा झाला.

"कळलंय मला," ती म्हणाली. "एवढ्याशा खरचटण्याचा कसला बाऊ?"

ते एवढंसं चिघळलं. पाय राहतो की जातो, इथवर गोष्ट आली. शेवटी जखम भरली. मग रबरी जोडे घालून पाहिले, तर आत फोड आला. तोही धाकटीलाच दिसला. थोरलीच्या लेकीने धाकटीला फोनवर निक्षून सांगितलं, "काकू, तो तलाव आता बुजवून टाका."

थोरली खिडकीशी बसायला लागली. जिच्या आवाजाने दूधवाला फाटकातच सरळ व्हायचा, ती "बघ तुझं तू" एवढ्यावर भागवू लागली. जन्मभर जिच्या बोलण्याला धाकटी कंटाळली होती, तिचं हे न बोलणं तिला सोसवेना.

तिने तलावाची औषधं विकणाऱ्याला गाठलं.

"नुसतं खरवडून काय होणार, बाई?" तो म्हणाला. "आज काढाल, उद्या पुन्हा हजर. थर धरूच द्यायचा नाही. पाण्याचा पीएच चढला की क्षार बसलेच म्हणून समजा."

मग धाकटी पाणी तपासायला शिकली. पीएच उतरवणारं अ‍ॅसिड नेहमी पाण्यात ओतायचं, अ‍ॅसिडवर पाणी कधीच नाही, हे शिकली. पहिल्यांदा बादली खाली ठेवून ती थोडा वेळ लांब जाऊन उभी राहिली. थोडं जुनं पाणी काढून टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी तिने तलावात सोडलं. उन्हं चढली की वर आच्छादन ओढायचं, कडा वाळण्याआधी ब्रश फिरवायचा. थोरली खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "तलाव नाही, तान्हं मूल आहे जसं!"

डॉक्टरांनी आढेवेढे घेत होकार दिला होता: त्यांच्या तळव्यांना आता काही जाणवत नाही, तेव्हा पायाखाली काही टोचणार नसेल तरच उतरू द्या, आणि बाहेर आल्यावर तळवे नीट बघा.

धाकटीने शेवटची पायरी चाचपली. तळव्याला कुठे काही लागलं नाही.

"या, ताई."

थोरली उठली. दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून ती एकेक पायरी उतरली. पाणी कमरेला लागलं तशी थांबली. नेहमीसारखी चालायला लागली नाही. पाण्यातून आपल्या पावलांकडे बघत राहिली. पावलं तिथे वाकडीतिकडी हलत होती.

"काय झालं?"

थोरली मान वर न करता म्हणाली,

"खाली कसं आहे गं?"

धाकटीला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा उत्तर देण्याआधी ती थोरलीच्या शेजारी पाण्यात उतरली. सलवार कमरेपर्यंत भिजली.

"गुळगुळीत आहे," ती म्हणाली. "थोडं गार. तुमच्या डाव्या पायाखाली दोन फरशांमधली फट आहे, पण ती टोचत नाही."

"बरं."

थोरलीने कठड्यावरचा एक हात सोडला आणि धाकटीच्या खांद्यावर ठेवला.

"सांगत राहा," ती म्हणाली, आणि तिने पाऊल उचललं.