बिनहाडाचा घेवडा

मी एक जुनी बिडाची हंडी आहे. मला तीन पाय आहेत, जड झाकण आहे आणि आतून मी इतकी काळी आहे की डोकावणाऱ्याला तळ दिसत नाही. मित्रांनो, माझे दोन कान फक्त मला उचलण्यासाठी आहेत असं तुम्हाला वाटत असेल. तसं नाही. ज्यानं माझ्यातलं एकदा खाल्लं, त्याचा आवाज मला कायम ऐकू येतो. तो जेवायला यायचा थांबला, तरीही.

माझा जन्म अमेरिकेत, टेनेसीतल्या एका भट्टीत झाला. वाळूच्या साच्यात मला ओतलं, थंड केलं, घासलं आणि एका नवरीच्या सामानातून मी केंटकीच्या डोंगरात, प्रॅटरांच्या घरी आले. तिथे मला डुकराची चरबी चोळून पुन्हा पुन्हा तापवलं गेलं. बिडाला साबण लावायचा नाही, हा त्या घरचा नियम. त्यामुळे प्रत्येक जेवणाचा एक पातळ थर माझ्या अंगावर राहून गेला. त्या थरांत पिढ्यान्‌पिढ्यांची डुकरं आहेत. चूल पेटली की ती हळूच कुरकुरत. घरातल्या बायकांना वाटे, कांदा तडतडतोय.

माझ्यात रोज घेवडा शिजे आणि त्यात हॅमचं, म्हणजे खारवून धुरी दिलेल्या डुकराच्या मांडीचं, हाड असेच. त्याला कुणी मांस म्हणत नसे. घेवडा म्हणजे भाजी, मग त्यात हाड असो की अर्धं डुक्कर. माझ्या घेवड्याची कीर्ती डोंगरापलीकडे गेली होती. मीही फुशारले होते, खोटं कशाला बोलू?

मे महिन्यात एका रविवारी सगळं घराणं टेकडीवरच्या दफनभूमीत जमतं. थडग्यांवरचं गवत काढायचं, फुलं ठेवायची आणि तिथेच, ओकच्या झाडांखाली लांब टेबल मांडून जेवायचं. माझ्यातलं पहिलं ताट घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसानं थडग्यावर नेऊन ठेवायचं. वर्षानुवर्षं ते ताट संध्याकाळी जसंच्या तसं परत येई. वर मुंग्या तेवढ्या असत.

प्रॅटर पुरुषांची तिथे एक ओळच आहे. त्यातला कुणीही म्हातारा होऊन मेलेला नाही. सगळ्यांची छातीच दगा देई. ऑर्व्हिल प्रॅटरनं मरण्याआधी आपल्या मुलांच्याही थडग्यांचे दगड घडवून उभे करून ठेवले. इथे त्याला अपशकुन नाही, शहाणपणा म्हणतात. शेवटच्या दगडावर त्याच्या धाकट्याचं, होबार्टचं नाव आहे. त्याखाली जन्मसाल, एक छोटी रेघ आणि रेघेपुढे कोरी जागा. जेवताना होबार्ट आपली टोपी त्या दगडावर ठेवायचा आणि हसायचा. मी मात्र ओळीखालून येणारे आवाज ऐकत असे. "होबार्ट, ये. तुझी जागा झाडून ठेवलीय." दरवर्षी ते आवाज जरा जवळून येत.

मग एका हिवाळ्यात लाकडाच्या वखारीत होबार्टच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी सांगितलं, मांस अगदी कमी करा, डुकराची चरबी तर बंदच. त्याच्या बायकोनं, डेल्फियानं, घरी आल्या आल्या माझ्यातलं हाड काढून टाकलं.

पहिले काही दिवस फार वाईट गेले.

"डेल्फी, हा घेवडा आहे की नदीतले गोटे?"

"गोटे असते तर तुझे दात पडले असते आणि घरात जरा शांतता झाली असती. खा मुकाट्यानं."

तो दोन घास खाऊन उठे आणि वखारीजवळच्या दुकानात जाऊन सॉसेज खाऊन येई. त्याच्या शर्टाला वास येई. डेल्फियानं भांडण केलं नाही. बेचव ताट पुढे करून या माणसाला वाचवता येणार नाही, हे तिला कळलं. ती बाई चिवट होती. मला ती तेव्हापासून आवडू लागली.

अंगणामागे धुरीची खोली होती. पूर्वी तिथे छताच्या आकड्यांना हॅम टांगत. डेल्फियानं ती झाडली आणि त्याच आकड्यांना घेवड्याच्या कोवळ्या शेंगांच्या माळा टांगल्या. शेजारी कांदे, लाल मिरच्या, रानातल्या अळंब्या लावल्या. खाली हिकरी नावाच्या झाडाची लाकडं धुमसत ठेवली. दार उघडलं की वारा नसतानाही त्या माळा सावकाश झुलताना दिसत. खोलीला जुन्याची आठवण येत असावी. मग ती माझ्यात सूर्यफुलाचं तेल घाली, कांदा मंद आचेवर तांबूस काळा होईपर्यंत परते, धुरावलेल्या शेंगा आणि अळंब्या टाकी आणि घेवडा दुपारभर रटरटत ठेवी. होबार्टनं एक दिवस ताट पुसून पुढे केलं आणि आणखी मागितलं. डेल्फियानं पाठ वळवून डोळे पुसले.

पण त्याची छाती काही सुधारेना. पडवीच्या पायऱ्या चढताना तो थांबू लागला. कारण मला ठाऊक होतं. शेजारी राहणारी आयसीआत्या, ऑर्व्हिलची थोरली बहीण, डेल्फिया कोंबड्यांकडे गेली की मागच्या दारानं येई. चुलीजवळ बेकन, म्हणजे डुकराच्या मांसाचे काप, तळून उरलेल्या चरबीचा डबा असे. तो टाकून द्यायचा, हे डेल्फियाला सुचलंच नव्हतं. तो प्रत्येकाच्या चुलीपाशी असतोच. आत्या त्यातला चमचाभर माझ्यात सोडी. मनात वाईट काही नव्हतं. तिच्या लेखी चरबी म्हणजे मांस नव्हे, फोडणी. मी झाकण थडथडवून डेल्फियाला बोलावत असे. तिला वाटे, वाफ आहे. आणि माझ्या अंगातली ती जुनी डुकरं खुशीत गुरगुरत.

मे महिना आला. मला टेकडीवर नेलं. डेल्फिया फुलं ठेवायला गेली तशी आयसीआत्या पिशवीतून डबा घेऊन माझ्यापाशी आली. पण पहिलं ताट आधी निघायला हवं आणि ते काढायचा मान तिचाच. तिनं डबा खाली ठेवला, ताट वाढलं आणि ऑर्व्हिलच्या थडग्याकडे नेलं.

तिथे ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. होबार्टच्या दगडापुढची जमीन खचली होती. माणसाच्या लांबीएवढी, माणसाच्या रुंदीएवढी. वर गवत होतं, पण कुणी नुकतंच अंथरूण घातल्यासारखं सारखं केलेलं. तेवढ्यात होबार्ट टेकडी चढून आला, राखेसारख्या तोंडानं आपल्याच दगडाला टेकून बसला आणि टोपी त्यावर ठेवली. तो हसला नाही.

जे मी इतकी वर्षं ऐकत होते, ते त्या दिवशी आत्यालाही ऐकू आलं. ऑर्व्हिलचाच आवाज, लाडिक. "आयसे, घाल की आणखी एक चमचा. आता येईलच तो."

आत्या सरळ झाली. "ऑर्व्हिल, तोंड मिट तुझं," ती म्हणाली आणि ताट तिथेच ठेवून डेल्फियाकडे आली. "सूनबाई, मी रोज तुझ्या हंडीत चरबी घालत होते गं. मला वाटलं, पोराला चव लागेल."

डेल्फियाचा चेहरा पांढरा पडला. मग तिनं माझ्यातला घेवडा वाढला. "आत्याबाई, आज यात तुमचा चमचा पडलेला नाही ना? मग खाऊन बघा."

आत्यानं घास घेतला. "हाड कुठं लपवलंयस?"

"हाड नाही."

"मग हा धुराचा वास?"

"हॅमच्याच आकड्यांना शेंगा टांगल्या."

"अगं बाई," आत्या म्हणाली, "मग मी कशाला मरत होते रोज मागच्या दारानं येऊन?" आणि ती रडत रडत दुसरं ताट जेवली.

संध्याकाळी सगळे थडग्यावरचं ताट आणायला गेले, तर ते पुसून लख्ख. "कुत्र्यानं खाल्लं असेल," होबार्ट म्हणाला. कुत्रा तर सकाळपासून गाडीत बांधलेला होता.

घरी येऊन आत्यानं त्या डब्यातल्या चरबीचा साबण केला आणि नियम मोडून त्याच साबणानं, वाळूनं मला घासलं. थरामागून थर गेले. फार दुखलं. शेवटी मी भट्टीतून निघाले होते तशी करडी, उघडी झाले. मग दोघींनी मला सूर्यफुलाचं तेल चोळून तापवलं. त्या दिवसापासून माझ्या अंगातली कुरकुर थांबली. आता माझ्यात फक्त कांदाच तडतडतो.

मित्रांनो, तुमच्या आवडीच्या माणसाचं मांस खाणं कमी करायचं असेल, तर त्याला फिकं ताट देऊन शिक्षा करू नका. भाजीला धूर द्या, वेळ द्या, कांद्याला रंग येईपर्यंत धीर धरा. आणि चुलीजवळच्या डब्यात काय आहे, तेही एकदा पाहा.

होबार्टचे केस आता पांढरे झाले आहेत. प्रॅटरांच्या ओळीत असं कुणाचं झालं नव्हतं. दरवर्षी टेकडीवर गेल्यावर मी आधी त्याच्या दगडावरची रेघ पाहते. तिच्यापुढची जागा कोरीच आहे आणि तिथे शेवाळ धरलंय. खालचे आवाज अजून येतात. पण ते त्याला बोलावत नाहीत. झाकण उघडलं की मातीखालून ते फक्त विचारतात, घेवडा आणलाय का?