पाचव्या वाफ्यातली कात्री

मी कात्री आहे, आणि मला माझ्याच पात्यांची किळस येते. हे आधीच सांगून टाकते. ऐकताना तुम्ही नाक दाबलंत तरी मला राग येणार नाही.

तोकमोक शहरातल्या एका लोहाराने मला घडवलं. झूराकानच्या सासूने मला नमद्यांवरची, म्हणजे लोकरीच्या जाड गालिच्यांवरची, नक्षी कापायला घेतलं. ओल्या लोकरीच्या वासाला तेव्हा मी नाकं मुरडायची. काय कळत होतं मला!

सासू गेल्यावर झूराकानने मला आपल्या कामावर नेलं. ती कोबीच्या चाचणी केंद्रात होती. आदल्या वर्षी आमच्या चू नदीच्या खोऱ्यात घाण्या रोगाने शेतंच्या शेतं बसवली होती. आधी पानाच्या कडेला पिवळा कोन, मग काळ्या शिरा, आणि शेवटी गड्ड्याच्या पोटात असा बुळबुळीत लगदा की गाईसुद्धा मान फिरवायच्या. या रोगापुढे कोणती जात टिकते ते बघायला केंद्राने सहा वाफ्यांत सहा जाती लावल्या होत्या.

माझं काम ऐका. सडक्या पानांतले जंतू वाढवून एका बरणीत पिवळट, तार धरणारं पाणी केलेलं होतं. त्यात मला बुडवायचं आणि प्रत्येक रोपाच्या पानांची कड कातरायची. रोग मुद्दाम लावायचा. जे रोप तग धरेल ते खरं. शी! पहिल्या दिवशी तो चिकटा माझ्या खिळ्यापर्यंत गेला, तो आजही तिथेच आहे.

चार वाफे झाले आणि केंद्राचे प्रमुख तेमिरकुल साहेब हातात बादली घेऊन आले.

“झूराकानताई, पाचव्याला यातलं वापरा.”

“साहेब, हे तर पाटाचं पाणी.”

“मग? नाजूक रोपं आहेत, लांबून आलीयत. पेन्शनला किती राहिलं तुमचं? दोन वर्षं ना?”

त्याच जातीच्या बियाण्याच्या गोण्या साहेबांच्या मेहुण्याच्या गोदामात आधीच येऊन पडल्या होत्या. झूराकानला ते ठाऊक होतं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. पाण्यात बुडवलं आणि कातरत सुटली. इतकं स्वच्छ, गार पाणी! आणि बरणीतल्या घाणीने आली नव्हती इतकी शिसारी मला त्या पाण्याने आली.

तीन आठवड्यांत वाफे घाणेरडे दिसू लागले. पहिला, तिसरा, चौथा आणि सहावा काळे पडून बसले. दुसऱ्या वाफ्यात इथलीच जुनी जात होती. तिच्या पानांवर डाग पडले, पण बोटभर जाऊन थांबले. पाचवा मात्र नवरीसारखा हिरवागार. लोक फोटो काढून जायचे.

एका सकाळी इस्खार आला. हा शेजारच्या दुंगान लोकांच्या गावातला कोबीवाला. दुसऱ्या वाफ्यातलं बी त्याच्याच बापाचं.

“काय गं ताई, तुझ्या वाफ्यांचा वास आमच्या गावात येतो. बायकोने काल मला दोनदा पाय धुवायला लावले!”

झूराकान हसली नाही.

“बरं, ऐक,” तो म्हणाला. “बापाचं बी टाकतो कोंबड्यांपुढे. पुढल्या हंगामात सगळीकडे हा पाचवाच. आमच्या गावातले सगळे तोच लावणार. तू स्वतःच्या हाताने कातरलंस ना? मग मला दुसऱ्या कुणाचा शब्द नको.”

झूराकान म्हणाली, “मी त्याला पाणी लावलंय, इस्खार.”

“काय?”

“रोग लावलाच नाही. नुसतं पाणी.”

इस्खारचा चेहरा असा झाला, जणू त्याच्या तोंडात कुणी तो लगदा कोंबला. तो थुंकला. “आणि आम्ही पोराबाळांच्या तोंडचा घास यावर लावणार होतो? तुझ्या भरवशावर?”

तिने ताजी बरणी आणली आणि मला आत बुडवलं. भर उन्हात पाचव्या वाफ्यातलं एकूणएक रोप आम्ही कातरलं. माझा आवाज खणखणीत होता.

महिन्याभराने शेतकरी मेळावा भरला. तेमिरकुल साहेब पाचव्या वाफ्यापाशी उभे राहून बोलत होते. एका बाईने वाकून पान उलटलं. “साहेब, या शिरा काळ्या कशाने हो?” दुसऱ्याने गड्डा दाबला, तर बोटं आत गेली. त्याने ती विजारीला पुसली आणि वास घेऊन मागे सरला.

“कुणी केलं हे?” साहेब ओरडले.

“मी,” झूराकान म्हणाली. “जेव्हा करायचं तेव्हा केलं नाही, म्हणून आता केलं.”

दुसऱ्या दिवसापासून तिला कामावर येऊ नका म्हणाले. ती आता इस्खारच्या शेतात बी निवडते. तो तिच्याशी अजून धड बोलत नाही, पण गोणी उघडायची तर तिच्याच हाताने. साहेब जागच्या जागी आहेत. मेहुण्याच्या गोण्या रात्रीत नाही, चांगल्या दिवसाढवळ्या दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या.

मला मात्र पुरावा म्हणून केंद्रात ठेवून घेतलं. दांडीला चिठ्ठी बांधून कपाटात, चाचणीच्या नोंदवहीवर. न धुता. चिकटा वाळून माझी पाती एकमेकांना चिकटलीयत, आणि त्यांवर गंज चढतोय.

खालच्या वहीत साहेबांच्या अक्षरात लिहिलंय: ‘पाचव्या वाफ्यात अस्वच्छ कात्रीमुळे रोग शिरला, हा वाफा निकालातून वगळावा.’

कात्रीमुळे शिरला, हे अगदी खरं आहे. त्यासाठीच तर मला तिथे नेलं होतं. तुमच्यापैकी कुणाच्या हाती ही वही पडलीच, तर कपाळाला आठ्या घालून मिटू नका. एवढंच विचारा, की पहिल्या खेपेला बादलीतून तिथे काय शिरलं होतं?