आगगाडीतून गेलेली बंगली

मी बंगली बोलतेय. माथेरानच्या डोंगरावरची, दोन खोल्यांची आणि एका पडवीची. मला कोणी बंगली म्हटलं की शेजारचे दगडी बंगले गालात हसतात. हसेनात का! त्यांच्यापैकी एकाने तरी आगगाडीचा प्रवास केलाय? मी केलाय, कल्याण ते नेरळ, मालाच्या डब्यातून.

माझा जन्म कल्याणात, दौलत सुताराच्या अंगणात झाला. आगगाडी सुरू होऊन तेव्हा तीसेक वर्षं झाली होती. ठाण्याच्या कचेरीतले कारकून हरिहरपंत एका रविवारी त्याच्याकडे आले. त्यांच्या पत्नीला, उत्तराबाईंना, दमा होता. खाडीकाठची दमट हवा त्यांना सोसत नव्हती. आठवड्यातून दोन दिवस तरी डोंगरावर राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पंतांनी वर इवलीशी जागा मिळवली होती, पण मुक्काम ठोकून घर बांधून घ्यायला कचेरी रजा देईना.

"दौलत, घर इथेच करायचं, सुटं करून न्यायचं आणि वर जोडायचं. जमेल?"

"जमंल की रावसाहेब. पन आधी घाटाची वळनं बघून येतो."

आणि तो खरंच चालत जाऊन बघून आला. दोन हमालांना डोक्यावर धरून वळण घेता येईल, एवढाच माझा एकेक तुकडा ठरला. भिंतींचे बावीस तुकडे, सगळे एका मापाचे, एकाची कड दुसऱ्याच्या खोबणीत बसणारी. एका मापाचे म्हणजे आपले म्हणायला. हातरंध्याचं काम ते, केसभर फरक राहायचाच! प्रत्येक तुकडा फक्त आपल्याच शेजाऱ्याशी जमवून घ्यायचा.

महिनाभर दौलतची बायको हौसाबाई मला तेल पाजत होती. एकेका तुकड्यावरून हात फिरवताना ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटायची आणि खुदकन हसायची.

निघायच्या आधी दौलत म्हणाला, "पटाशीनं खुना करून ठेवतो."

"छे छे, लाकूड विद्रूप होईल," पंत म्हणाले. कारकूनच ते! त्यांनी सुंदर वळणदार अक्षरात क्रमांकांच्या बावीस चिठ्ठ्या लिहिल्या, कणकेची खळ करून स्वतःच्या हाताने चिकटवल्या आणि त्याबरहुकूम एक यादी खिशात ठेवली. त्या यादीचा त्यांना केवढा अभिमान!

नेरळला मी पायथ्याशी पडले होते. दौलत हमाल ठरवायला गेला आणि शेळ्यांचा एक कळप आला. कणकेची खळ म्हणजे त्यांना मेजवानीच. मला गुदगुल्या होत होत्या, पण ओरडणार कशी? बाविसाच्या बावीस चिठ्ठ्या शेळ्यांनी फस्त केल्या.

शनिवारी सकाळी पंत वर पोहोचले. मागून डोलीतून उत्तराबाई आल्या. त्यांच्या सोबतीला आणि माझ्या सांध्यांना तेल लावायला म्हणून हौसाबाईही आली. बघतात तर माझा नुसता ढीग, आणि दौलत डोक्याला हात लावून बसलेला. पंत यादी उलटीसुलटी करून बघत राहिले. यादी अगदी बिनचूक होती.

दुपार कलली तरी चारच तुकडे जुळले. डोलीवाले म्हणाले, "छप्पर झालं नाय तर दिस बुडायच्या आत बाईंना खाली न्यायला लागंल."

उत्तराबाई धोंड्यावर बसल्या होत्या. कित्येक दिवसांनी त्यांची छाती जरा मोकळी झाली होती. "अहो, मला परत खाली नेऊ नका," त्या एवढंच म्हणाल्या. पंतांनी यादी पुन्हा उलगडली. मलाही तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. मी जुळलेच नाही, तर माझं सरपण होणार होतं.

एवढ्यात हौसाबाई पदर खोचून उठली. "मी सांगते. पन कुनी हसायचं न्हाई, आन् खाली जाऊन बोलायचं न्हाई."

तिने एका गाठाळ, जड तुकड्यावर हात ठेवला. "ही सासू. हिच्या बाजूला सून बसत न्हाई. मधी ननंद लागते." तिने नणंद दाखवली. नणंद खोबणीत गेली, तिच्यापुढे सून अलगद बसली!

तेल लावताना तिने माझ्या बावीसही तुकड्यांना आपल्या सासरची माणसं केलं होतं. कोण कोणाला धरून आहे, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं तिला पाठ. थोरली जाऊ, धाकटा दीर, सारखे कुरकुरणारे मामंजी. दाराचा तुकडा अर्थातच जावई, त्याला मानाने पुढे उभं केलं.

दौलत सासूकडे टक लावून बघत होता. "म्हंजे ही आमची आई?"

"गाठी मोजा की," हौसाबाई म्हणाली आणि तोंडाला पदर लावला.

पहिल्यांदा हमाल हसले, मग दौलत. उत्तराबाई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि त्यांना खोकला आला नाही. पंत त्यांच्याकडे बघतच राहिले. सूर्य टेकायच्या आत माझ्यावर पत्रे चढले. डोली रिकामीच खाली गेली.

आज मला चौदा वर्षं झाली. शनिवार आला की माझी दारं-खिडक्या उघडतात, रविवार कसा सरतो ते कळतही नाही. एका कोपऱ्यात वाळवी लागू बघतेय, तेवढी कोणीतरी वेळेवर झटका. बाकी मी मजेत आहे.

उत्तराबाई आता नेरळहून पायी चढून येतात. परवा त्या माझ्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा पंत बरेच मागे होते, काठी टेकत, धापा टाकत.

"अहो, सावकाश या!" बाईंनी हाक मारली. "थांबा जरा, श्वास घ्या!"

पंत वाटेतच थांबले. त्यांनी चष्मा काढला, उपरण्याने डोळे पुसले आणि तिथूनच हात हलवून म्हणाले, "येतो, येतो. तू हो पुढे."

बरं आहे, येते मी. दार उघडायची वेळ झाली.